सोळा खांद्यांचं तेल

कोन्सोलाताने सासूला पहिल्यांदा सांगितलं ते जुलैच्या दोन तारखेला, वांगी तळता तळता. दुसऱ्यांदा सांगितलं पाच तारखेला. त्यानंतर तिने मोजायचं सोडून दिलं, कारण पालथ्या घड्यावर किती घागरी ओतल्या ते मोजून कुणाचं भलं झालंय? सांगायचं होतं ते एवढंच, की यंदा तुमचं तेल पालखीच्या माणसांना लावू नका.

इटलीच्या दक्षिण टोकाच्या पेत्रारा गावात बर्गमोटच्या बागा सगळ्यांच्याच आहेत. हिवाळ्यात ती लिंबाच्या जातीची पिवळी फळं उतरली की गाड्या भरून कारखान्यात जातात आणि यंत्रं सालीतून तेल काढतात. कोन्सोलाताची सासू साव्हेरिया मात्र वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीसुद्धा चार-पाच पोती घरी ठेवून घेते. फळ अर्धं कापायचं, गर कोरून काढायचा, साल स्पंजावर दाबून मनगट फिरवायचं आणि भरलेला स्पंज मातीच्या भांड्यात पिळायचा. दोन महिने असं केलं की लिटरभर हिरवंगार तेल जमतं. हे काम हाताने करणारी ती गावातली शेवटची बाई, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नाही.

याच तेलातून सांता व्हेनेराच्या पालखीचं तेल व्हायचं. पालखी जाड अक्रोडाच्या लाकडाची आणि तिच्यातली गावाच्या या रक्षक संतिणीची मूर्ती दगडाची. ती उचलायला सोळा माणसं लागतात. निघण्यापूर्वी चर्चमागच्या खोलीत ही सोळा माणसं अंगातले सदरे काढून ओळीने उभी राहतात आणि साव्हेरिया लाल फीत बांधलेल्या बाटलीतून प्रत्येकाच्या खांद्यावर आणि मानेवर तेल ओतते. लिटरभर ऑलिव्ह तेलात कॉफीचा एक इवलासा कप बर्गमोट, हे माप तिच्या आईचं, आणि आईच्या आईचं. आजवर पालखी सूर्य डोंगरामागे गेल्यावर निघायची. यंदा पोलिसांनी किनाऱ्याचा रस्ता फक्त सकाळीच बंद करून देऊ असं कळवलं, आणि फादर जेसुआल्दोंनी रविवारच्या प्रार्थनेनंतर जाहीर करून टाकलं की पालखी दहा वाजता निघेल आणि एकपर्यंत परत येईल.

दहा ते एक. जुलैच्या अखेरीला. उघडे खांदे.

कोन्सोलाताला चर्चच्या बाकावरच घाम फुटला. तिचं स्टेशनजवळ छोटं दुकान होतं. लग्नाआधी मेसिनात दोन वर्षं शिकून ती सुगंधी तेलं मिसळायला लागली होती: गुडघ्यांना चोळायचं, झोपेसाठी उशीला लावायचं, बाळंतिणीच्या पाठीचं. गिऱ्हाइकाने एक बाटली मागितली की ती दहा प्रश्न विचारायची. पोटुशी आहेस का, दमा आहे का, रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या, उन्हात काम करतोस का. गाव तिला पाठीमागे चौकशी अधिकारी म्हणायचं, आणि तिला ते ठाऊक होतं.

"आई, सालीच्या तेलात एक द्रव्य असतं," तिने वांग्याची फोड उलटत सांगितलं होतं. "ते कातडीला लागलं आणि वर ऊन पडलं की कातडी भाजते. उन्हात जायचं असेल तर लिटरभर तेलात चार मिलिलिटर, बस्स. चहाचा चमचाही भरत नाही. तुम्ही कप घालता. पंधरा पट होतं."

"तुझ्या सासऱ्याला कोयता लागला होता, हाड दिसत होतं," साव्हेरिया म्हणाली. "कशाने धुतलं मी? याच तेलाने. आठव्या दिवशी झाडावर होता."

"पायाला लागला होता ना? पाय विजारीत होता."

"म्हणजे आता माझ्या तेलाला विजार घालायची?"

कोन्सोलाताने वांगी करपवली.

फादर जेसुआल्दोंकडे ती स्वतः गेली. ते चांगले गृहस्थ होते आणि सगळ्यांचं सगळं ऐकून घ्यायचे, हीच त्यांची अडचण होती. त्यांनी तिला बदामाचं सरबत दिलं, मान डोलावली, आणि म्हणाले, "पण कोन्सोलाता, पन्नास वर्षं कुणाला काही झालं नाही."

"फादर, पन्नास वर्षं पालखी संध्याकाळी निघत होती."

"आणि आदल्या दिवशी मी तेलाला आशीर्वाद देतो."

"तुम्ही आशीर्वाद तेलाला देता. उन्हाला देता का?"

फादर हसले. तिला हसवायचं नव्हतं, तिला भिंतीवर डोकं आपटायचं होतं. पालखीची वेळ बदलता येणार नव्हती, साव्हेरियाबाईंना दुखवता येणार नव्हतं, आणि गोळाबेरीज अशी की फादर तिच्यासाठी प्रार्थना करणार होते.

राहिला नवरा. फोर्तुनातोचा यंदा पहिलाच मान होता. वडील गेल्यावर पुढच्या दांडीची उजवी बाजू त्याच्याकडे आली होती, आणि महिनाभर तो घरात जरा छाती काढूनच चालत होता. बायको आणि आई यांच्यात तो एकोणीस वर्षं एकच धोरण चालवत आला होता: जेवायचं आणि बागेत निघून जायचं.

"सगळ्यात जास्त ऊन तुझ्या मानेवर पडणार आहे," ती म्हणाली. "पुढे तूच आहेस."

"अगं, पण आई म्हणते..."

"आई काय म्हणते ते मला पाठ आहे. तू काय म्हणतोस?"

फोर्तुनातोने पाव मोडला. "मी म्हणतो, तुम्ही दोघींनी बसून काय ते ठरवा."

म्हणून मंगळवारी, पालखीच्या पाच दिवस आधी, कोन्सोलाताने पुरावाच द्यायचा ठरवला. भर बारा वाजता ती गच्चीवर खुर्ची टाकून बसली. साव्हेरियाला सावलीत बसवलं, फोर्तुनातोला हाताला धरून आणलं. सासूच्याच बाटलीतलं तेल डाव्या हातावर, मनगटाच्या वर चार बोटं रुंद चोळलं. उजवा हात कोरडा ठेवला. दोन्ही हात कठड्यावर पसरले आणि तासभर उन्हात बसून राहिली, सत्याग्रहाला बसल्यासारखी.

तास संपला. दोन्ही हात सारखेच होते.

"कुठंय?" साव्हेरियाने चष्मा लावून बघितलं. "दाखव की. मला तर काही दिसत नाही. फोर्तुना, तुला दिसतंय?"

"लगेच दिसत नाही, आई. हेच तर सांगतेय. एक-दोन दिवसांनी उठतं."

"अस्सं. म्हणजे आज लावलं, आणि परवा दुखलं, तरी दोष तेलाचाच. मग पाऊस पडला नाही त्याचा दोष पण माझ्या तेलालाच दे."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट बेकरीत पोचली होती. साव्हेरियाने नक्कल करून दाखवली म्हणे, दोन्ही हात पसरून, डोळे मिटून. पाव घ्यायला गेलेल्या कोन्सोलाताला बेकरीवालीने विचारलं, "काय गं, भाजलीस का नीट? की अजून पाच मिनिटं ठेवू?" आणि रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावावा तशा हातांनी तोंडं झाकून हसल्या.

बुधवारी डाव्या हातावर लाल पट्टा आला. कोन्सोलाताला इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली. ती धावत खाली आली.

"उन्हात बसलीस, लाल होणारच," साव्हेरिया म्हणाली.

"हा दुसरा हातही उन्हातच होता!"

साव्हेरियाने उजवा हात बघितला, डावा बघितला, आणि टोमॅटो चिरायला घेतले. त्या उन्हाळ्यातही तिच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा काळा झगा होता. नवरा जायच्या कितीतरी आधीपासून ती असेच झगे घालायची, आणि जुन्या वळणाची बाई म्हणून गाव तिचं कौतुक करायचं.

गुरुवारी फोड आले, पाण्याने भरलेले, वाटाण्याएवढे. कोन्सोलाताने हात जेवणाच्या टेबलावर पास्ताच्या ताटाशेजारी ठेवला. फोर्तुनातोने काटा खाली ठेवला.

"आता बोला," ती म्हणाली.

"तुझी कातडी मेसिनाची," साव्हेरिया ताटावरून मान वर न करता म्हणाली. "पाण्यापलीकडची. आमच्या माणसांची इथल्या उन्हात मळलेली आहे."

मेसिना म्हणजे बोटीने अर्ध्या तासावर. स्वच्छ दिवशी जवळच्या रेज्जो बंदराच्या धक्क्यावरून तिथली घरं मोजता येतात. एकोणीस वर्षं या घरात राबून कोन्सोलाता अजून पाण्यापलीकडचीच होती.

"मग इथल्या कातडीवर बघू या. फोर्तुनातो, दे हात."

"मला रविवारी पालखी उचलायचीय गं!"

"म्हणूनच तर!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

तो उठून बागेत गेला.

त्याच संध्याकाळी तिने ठरवलं. ठरवताना तिला अजिबात बरं वाटलं नाही, हेही सांगायला हवं. तिच्या दुकानात भिंतीवर तिच्याच हाताने लिहिलेला कागद होता: बाटलीत काय आहे ते सांगितल्याशिवाय बाटली द्यायची नाही. आणि आता ती सोळा माणसांच्या अंगाला न सांगता भलतंच तेल लावणार होती. पण शहाणपणाने वागून झालं होतं, गोडीत सांगून झालं होतं, स्वतःला भाजून घेऊन झालं होतं. एवढं करून लोक ऐकत नसतील तर बाईने काय करायचं?

निदान प्रश्न तरी विचारायचे होते. शुक्रवारी पालखीची माणसं चर्चसमोर दांड्यांना मेण लावत होती, तिथे ती वही घेऊन गेली. दमा कुणाला आहे, फिट कुणाला येते, कशाने अंगावर पित्त उठतं.

"आम्ही फादरकडे कबुली देऊन आलोय, वहिनी," एकजण म्हणाला. "परत देऊ का तुला?"

"त्यांना पापं सांग, मला औषधं सांग."

सगळे खिदळले आणि कुणाला काही नव्हतं. सोळाच्या सोळा घोड्यासारखे तब्येतीचे. ती निघाली तेव्हा मासेमारी करणारा आतिल्यो मागून चालत आला आणि बुटाचे बंद बांधायच्या निमित्ताने तिच्याजवळ वाकला. "लहानपणी फिट यायची. आता नाही येत. पण मघाशी... तू कुणाला बोलू नकोस." कोन्सोलाताने ठरवलेल्या मिश्रणात रोझमेरीचं तेलही होतं. फिट येणाऱ्याला रोझमेरी चालत नाही. तिने दुकानात जाऊन रोझमेरीची बाटली फडताळात परत ठेवली. या महिन्याभरात तिचं काम कुणी तिला करू दिलं असेल तर ते या एका माणसाने, वाकून.

शनिवारी सकाळी दुकानाचं दार आतून लावून तिने तेल केलं. लिटरभर ऑलिव्ह तेल. लव्हेंडर बारा मिलिलिटर. आणि आठ मिलिलिटर बर्गमोट, पण वाफेवर काढलेलं. ते भाजणारं द्रव्य जड असतं, वाफेबरोबर वर येत नाही, मागेच राहतं. सगळं मिळून दोन टक्के, अंगभर चोळलं तरी चालेल असं. थेंब उजव्या हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून ती दुपारपर्यंत थांबली, आणि मग, एका रात्रीत सगळं कळत नाही हे ठाऊक असूनही, त्या हातालाही तासभर ऊन दाखवलं. साव्हेरिया केस धुवायला गेली तेव्हा लाल फितीची बाटली रिकामी करून धुतली, पुसली, आणि आपलं तेल भरलं. सासूचं तेल तिने फेकलं नाही. ते फेकायला हात धजला नाही. एका डब्यात ओतून मिठाच्या बरणीमागे ठेवलं.

वास मात्र वेगळा होता. वाफेवरच्या बर्गमोटला तो सालीचा हिरवा, जरा कडवट टोक असलेला वास नसतो. पण लव्हेंडर आहे, चर्चमध्ये धूप आहे, सोळा पुरुषांचा घाम आहे. कुणाला काय कळणार, असं तिने स्वतःला समजावलं.

रविवारी दहाला पाच कमी असताना सोळाजण सदरे काढून ओळीने उभे राहिले. बायका दाराशी. फोर्तुनातो पहिला. साव्हेरियाने बूच काढलं, आणि तिचा हात थांबला. कोन्सोलाताने बघितलं, म्हातारीच्या नाकपुड्या फुलल्या. हीच बाई डोळे मिटून सांगते की फळ विहिरीजवळच्या झाडाचं आहे की रेल्वेकडच्या. कोन्सोलाताच्या फोड आलेल्या हाताला ठणका लागला. आता ही बाटली खाली ठेवणार, सगळ्यांसमोर नाव घेणार, आणि मग गावात दुकान राहिलं काय नि न राहिलं काय.

साव्हेरियाने मुलाच्या मानेवर तेल ओतलं. मग पुढच्याच्या. मग त्याच्या पुढच्याच्या. सोळाही जणांना लावून झालं, तेव्हा तिने बुचाची फीत सारखी केली आणि "सांता व्हेनेरा सांभाळेल" म्हणाली, दरवर्षी म्हणते तसं.

ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर बुटाला चिकटत होतं. तीन तास पालखी फिरली. परत आली तेव्हा मूर्तीच्या पायाशी ठेवलेली फुलंसुद्धा वाळली होती. कोन्सोलाता पालखीच्या मागे चालली नाही, बाजूने चालली, फोर्तुनातोच्या मानेकडे बघत, आणि बायकांनी तिला नवऱ्यावर फारच जीव दिसतो म्हणून चिडवलं.

सोमवार गेला. मंगळवार गेला. बुधवारी ती मासळीबाजारात, बागांच्या कडेने, कॅफेसमोर, जिथे दिसेल तिथे मानांकडे बघत फिरली. दांडीने सोललेले खांदे होते, उन्हाने रापलेल्या माना होत्या. पट्टा नाही, फोड नाही, एकालाही नाही. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, आणि उतरतं न उतरतं तोच दुसरं चढलं.

कारण सगळं गाव एकच बोलत होतं. बघा, भर उन्हात लावलं, झालं काय कुणाला? बेकरीवालीने साव्हेरियाला पाव फुकट दिला. फादर जेसुआल्दोंनी कोन्सोलाताला रस्त्यात थांबवून, अगदी प्रेमाने, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन सांगितलं, "श्रद्धा ठेवावी, मुली." पालखीची वेळ पुढच्या वर्षीही सकाळचीच ठरली. आणि पुढच्या वर्षी, कोन्सोलाताला लख्ख दिसत होतं, लोक दुप्पट हट्टाने तेच हिरवं तेल मागणार, कारण आता ते उन्हातसुद्धा पास झालं होतं. तिने स्वतःच ते पास केलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

बुधवारी जेवणं झाल्यावर फोर्तुनातोने खुर्ची मागे सारली, मान चोळली आणि म्हणाला, "आई, तेल झकास होतं हं."

"तेल कुणाच्या घरचं आहे!" साव्हेरिया म्हणाली.

तो बागेत गेला. कोन्सोलाता ताटं उचलत होती. त्यातलं एक तिने मोरीत इतकं आदळलं की ते फुटलं.

"बस, आता बोलतेच," ती म्हणाली. "ते तेल तुमचं नव्हतं."

"मिठाच्या बरणीमागे आहे माझं तेल," साव्हेरिया म्हणाली. "झाकण नीट लावलं नाहीस. उडून जाईल."

कोन्सोलाताने ओल्या हातांनीच बरणी सरकवली; डब्याचं झाकण खरंच तिरकं होतं.

"मला नाक आहे, पोरी. बूच काढलं आणि कळलं. लव्हेंडर जरा कमी घालायचंस."

"मग ओतलंत कशाला?"

म्हातारीने उजव्या हाताचं मनगटाजवळचं बटण काढलं आणि बाही वर सरकवली, हळूहळू, कोपराच्या वर. एकोणीस वर्षांत कोन्सोलाताने तो हात पाहिला नव्हता. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी ठिपक्याठिपक्यांनी काळपट तपकिरी होती, मधे मधे ओघळ उतरावेत तशा रेघा. स्पंज पिळताना तेल जिथून जिथून खाली ओघळलं, तिथून तिथून ते छापलं गेलं होतं. मग तिने दुसरी बाही वर केली. तो हातही तसाच.

"आम्ही सात जणी होतो अंगणात," ती म्हणाली. "साल पिळायची आणि तेच हात घेऊन उन्हात फळं निवडायला बसायचं. सगळ्यांचे असेच. तुझ्या हातावर गुरुवारी आलं ना, ते आमच्यावर पहिल्या हिवाळ्यात आलं होतं. मी सोळा वर्षांची होते. माझी आई म्हणाली, बाही लांब घाल, आणि बाहेर बोलू नकोस. तेलाला नाव पडलं तर घेणार कोण?"

"आणि तुम्ही मला... बेकरीत नक्कल करून दाखवलीत माझी!"

"दाखवली."

"पन्नास वर्षं कुणाला काही झालं नाही म्हणालात! फादर म्हणाले, फोर्तुनातो म्हणाला, सगळं गाव म्हणालं!"

"कुणाला म्हणजे पालखीच्या माणसांना," साव्हेरिया म्हणाली. "आमचं कुणी विचारलंच नव्हतं."

कोन्सोलाताकडे महिनाभर साठवलेलं एक भाषण होतं, चांगलं धारदार, रोज रात्री अंथरुणात परजलेलं. ते तिला आत्ताच्या आत्ता कुणावर तरी फेकायचं होतं. फादरवर, नवऱ्यावर, त्या सोळा धडधाकट खांद्यांवर. समोर मात्र फक्त ही म्हातारी होती, दोन्ही बाह्या वर करून बसलेली, आणि तिला ते ऐकवून काय उपयोग होता. राग गेला नाही. त्याला जायला जागाच राहिली नाही.

तिने फडताळातून मलमाची डबी काढली आणि सासूसमोरची खुर्ची ओढली.

"जुनं आहे, जाणार नाही," साव्हेरिया म्हणाली.

"माहीत आहे मला," कोन्सोलाता करवादली. "आणखी कुठे लागलंय? मानेवर? बाकीच्या सहा जणी कोण? कोण कोण जिवंत आहेत? नीट आठवून सांगा." आणि तिने दुकानातली वही उघडली.